कवळीबाईंचे तीन अंदाज

त्यांना सगळे कवळीबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्याही निमूट ओ देत. खरं तर त्यांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते आणि वेळप्रसंगी ते त्या दाखवतही. नाव पडलं होतं जुन्या कामावरून. विज्ञान संग्रहालयाच्या कार्यशाळेत प्रतिकृती बनवायला लागण्याआधी चौदा वर्षं त्यांनी एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवल्या होत्या. मेण, प्लास्टर, गुलाबी अ‍ॅक्रिलिक, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची भिंत, एवढंच जग.

तिथून त्या बाहेर कशा पडल्या हे त्या स्वतः कधी सांगत नसत. सांगायचा तो कार्यशाळेतला वायरमन. त्याला सगळे फ्यूज म्हणत, कारण तो लवकर उडायचा. फ्यूजच्या सांगण्याप्रमाणे झालं असं : एका म्हाताऱ्या रुग्णाच्या जबड्याचा साचा तडकला. माणूस परगावी निघून गेलेला, पुन्हा बोलावून माप घ्यायचा दंतवैद्यांना कंटाळा. त्यांनी फळीवरचा दुसऱ्याच कुणाचा साचा उचलून बाईंपुढे ठेवला आणि म्हणाले, "यावर करा. म्हातारी माणसं, सगळ्यांची तोंडं सारखीच."

बाईंनी साचा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "डॉक्टर, तुमच्या तोंडावर करून बघू का आधी?"

त्याच दिवशी त्यांनी अंगावरचा एप्रन काढून खुंटीला टांगला. तो परत घ्यायला त्या कधी गेल्या नाहीत.

घरी त्या आणि त्यांची आई. आई ऐंशीच्या पुढची, तोंडाचं बोळकं झालेलं. मुलीने तिच्यासाठी जीव ओतून घडवलेली कवळी खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याच्या पेल्यात बुडून पडलेली असायची. "वाटेल तेव्हा घालीन," असं आई म्हणायची, आणि अकरा वर्षांत तिला तसं एकदाही वाटलं नव्हतं. बाईंनी चिडून काही म्हटलंच तर आई पाव चहात बुडवता बुडवता म्हणे, "माझं तोंड आहे, पोरी. तुझा कारखाना नाही." हट्ट कुठून आला, हे शेजाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नसे.

संग्रहालयात बाईंनी पुष्कळ गोष्टी केल्या होत्या. माशाचं हृदय, ज्वालामुखीचं पोट, माणसाच्या कानातला शंख, मधमाशीचा पाय हत्तीच्या पायाएवढा. शाळा अकरावीत सुटलेली, पण जे करायचं ते आधी समजून घ्यायचं ही खोड. कानाच्या वेळी त्या तीन दिवस कानाच्या डॉक्टरच्या दारात बसल्या होत्या. ज्वालामुखीच्या वेळी भूगर्भाच्या प्राध्यापकांना इतकं पिडलं की शेवटी त्यांनी बाईंना खडकांची एक पेटीच देऊन टाकली.

मग नवं दालन निघालं. "द्रव्याचं अंतरंग" असं त्याचं नाव. पदार्थ, मग रेणू, मग अणू, असं आत आत जात शेवटी मधोमध अणूचं केंद्रक. संचालकांनी बाईंना वर बोलावलं. संचालक सभ्य माणूस. आवाज चढवत नसत, टेबलावर एकही कागद वाकडा ठेवत नसत. त्यांनी एक रंगीत चित्र पुढे सरकवलं. लाल आणि निळ्या गोट्यांचा गच्च घोस, भोपळ्याएवढा, आतून उजेड आलेला.

"शिशाचं केंद्रक," संचालक म्हणाले. "ब्याऐंशी लाल, एकशे सव्वीस निळ्या. छतापासून लटकवायचं. उद्घाटनाला दोन महिने आहेत."

बाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. "आत कसं आहे?"

"आत म्हणजे?"

"ह्या वरच्या गोट्या झाल्या. आतल्या गोट्या कशा रचल्यात? लाल निळ्या मिसळून, की वेगवेगळ्या? आणि त्या चिकटलेल्या आहेत की हलताहेत?"

"आत कोण बघणार आहे, बाई? थर्माकोलचा गोळा घ्या आणि वरून चिकटवा."

कवळीबाई चित्र घेऊन खाली आल्या. फ्यूजने ते पाहून "छान दिसेल की" म्हटलं, तर त्याच्यावरच उखडल्या. "अरे, कवळीची पुढची बाजू सगळ्यांना दिसते. पण माणसाला टोचते ती मागची, हिरडीला लागणारी. जी कुणाला दिसत नाही तीच आधी नीट करावी लागते. आणि हे म्हणतात आत थर्माकोल भर!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि बस पकडून विद्यापीठात गेल्या. भौतिकशास्त्र विभागाच्या दारावरच्या शिपायाला विचारलं, "इथे अणूच्या गाभ्याचं कोण बघतं?" त्याने तिसऱ्या मजल्यावर बोट दाखवलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चाळिशीची एक प्राध्यापिका उभ्या उभ्याच डबा खात होती. खुर्चीवर कागदांचा ढीग होता, म्हणून बसायची सोय नव्हती. बाईंनी चित्र पुढे धरलं. प्राध्यापिकेने घास गिळला आणि हसू दाबायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

"ताई, असं नसतं हो."

"मग कसं असतं?"

"कसं दिसतं, हा प्रश्नच इथे चालत नाही. ते दिसतच नाही."

"मग मी करू काय? न दिसणाऱ्या वस्तूची प्रतिकृती? हवा भरून पाठवू वरती?" बाईंचा आवाज चढला. "मला एवढंच सांगा, तुम्ही लोक एवढी वर्षं त्याच्याबद्दल नेमकं काय धरून चालता?"

प्राध्यापिकेने डबा बंद केला. खुर्चीवरचे कागद जमिनीवर ठेवले, बाईंना बसवलं आणि स्वतः फळ्याकडे गेली. दुपार तिथेच सरली.

पहिलं म्हणजे, ती म्हणाली, आम्ही केंद्रकाला पाण्याच्या थेंबासारखं धरतो. थेंबात प्रत्येक कण फक्त आपल्या शेजाऱ्याला धरून असतो, लांबच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पृष्ठभागावरच्या कणाला एका बाजूला शेजारीच नाही, म्हणून तो जरा सैल. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, त्याने थेंब ताणला जातो. एवढं धरून हिशोब केला की जवळजवळ प्रत्येक केंद्रक किती घट्ट बांधलेलं आहे याचं उत्तर मोजमापाच्या अगदी जवळ येतं. मोठं केंद्रक दुभंगतं कसं, तेही यातून समजतं. थेंब लांबतो, कंबर बारीक होते, दोन तुकडे.

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "थेंबच आहे."

"नाही ना. काही केंद्रकं हिशोबापेक्षा जास्त घट्ट निघतात. त्यांच्यात प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन ठराविक संख्येने असतात. दोन, आठ, वीस, अठ्ठावीस, पन्नास, ब्याऐंशी, एकशे सव्वीस. थेंबाला हे आकडे माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून दुसरं प्रतिमान. यात प्रत्येक कण एका खोलगट खड्ड्यात आपापला फिरतो, आणि खड्ड्याला पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर ठराविक जागा. पायरी भरली की पुढची बरीच वर."

बाईंनी फळ्याकडे बोट केलं. "थांबा. थेंबात तुम्ही म्हणालात की कण शेजाऱ्याला चिकटून. आणि इथे म्हणता प्रत्येकजण आपापला मोकळा फिरतो, जणू बाकीचे नाहीतच. दोन्ही कसं?"

प्राध्यापिकेने खडू खाली ठेवला. "पदवीची मुलं हे विचारत नाहीत, ताई."

"मी पदवीची नाही म्हणूनच विचारते."

"टक्कर होण्यासाठी टक्कर झाल्यावर जायला जागा लागते. एका जागी दोघं बसत नाहीत, आणि खालच्या सगळ्या जागा भरलेल्या. धक्का लागून जाणार कुठे? म्हणून धक्काच लागत नाही. गर्दी इतकी नियमात बसलेली की प्रत्येकाला वाटतं आपल्याला रान मोकळं आहे."

तिसरं प्रतिमान त्या संध्याकाळच्या शेवटी आलं. ज्या केंद्रकांची वरची पायरी अर्धवट भरलेली असते ती गोल राहत नाहीत, लांबट होतात, आणि सगळी मिळून गरगर फिरतात. त्या फिरण्यातून जे किरण बाहेर पडतात त्यांच्या ऊर्जा अशा टप्प्याटप्प्याने चढतात की लांबटपणा ओळखू येतो.

"यातलं खरं कुठलं?" बाईंनी पिशवी खांद्याला लावत विचारलं.

"हे आमचे अंदाज आहेत, ताई. मोजून, तपासून, पुन्हा पुन्हा ताडून पाहिलेले. प्रत्येक कुठेतरी नेमका लागू पडतो आणि कुठेतरी आपटतो."

घरी आल्यावर बाई आईला म्हणाल्या, "त्यांनाही पूर्ण माहीत नाही गं. आणि ते कबूल करतात."

"मग शहाणी माणसं दिसतात," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतरचे पाच आठवडे कार्यशाळेत लाल निळी एकही गोटी आली नाही. पहिला थेंब झाला. कवळीला आतून मऊ अस्तर लावायला जो पदार्थ वापरत, त्याच जातीचं सिलिकोन बाईंनी मागवलं, आणि मुठीएवढे दोन भाग ओतून मधे लोहचुंबक दडवले. दोन्ही टोकं धरून ओढलं की गोळा आधी अंड्यासारखा व्हायचा, मग कंबर काढायचा, आणि एका क्षणी फट्कन दोन. पुन्हा जवळ आणले की एक. फ्यूजने तो दिवसभरात चाळीस वेळा तोडला.

मग खड्डा. हातभर खोल, पारदर्शक, आत पायऱ्या. पायऱ्यांवर गोट्यांसाठी घरं कोरलेली. तळाला दोन, त्यावर सहा, मग बारा, मग आठ, बावीस, बत्तीस, आणि काठाला चव्वेचाळीस. एकेक पायरी भरत गेलं की बेरीज बरोबर त्या ठराविक आकड्यांवर यायची, आणि पुढची गोटी ठेवायला हात चार बोटं वर न्यावा लागायचा. ही घरं कोरताना बाईंनी दंतवैद्याचीच पाती वापरली. त्या पात्यांनी खणलेल्या भोकाला कड राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तिसरं, लांबट केंद्रक, खुंटीवर डुलत फिरणारं. त्यासाठी पारदर्शक माल उरला नव्हता. कपाटात होता तो कवळीचा गुलाबी.

संचालक पाहायला खाली आले. त्यांनी थेंब पाहिला, खड्डा पाहिला, आणि त्या गुलाबी डुलणाऱ्या वस्तूपाशी थांबले. "हे काय आहे?"

"युरेनियमचं केंद्रक. लांबट असतं."

"गुलाबी?"

"त्याला रंग नसतोच, साहेब. मग गुलाबी का नको? लाल निळं तरी कुठे असतं?"

फ्यूज खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेला.

"बाई," संचालक शांतपणे म्हणाले, "मी एक गोष्ट मागितली होती. तुम्ही तीन केल्या, आणि त्यातली एकही ती नाही. माणूस दालनात येतो तेव्हा त्याला केंद्रक पाहायचं असतं. तीन दाखवली तर तो गोंधळेल."

"गोंधळू दे की. ज्यांचं आयुष्य यात गेलं ते गोंधळलेत, पाहुण्याने थोडं गोंधळलं तर काय बिघडलं?"

"उद्घाटनाला तीन आठवडे आहेत. मला तो घोस हवा."

"थर्माकोलवर चिकटवलेला?"

"हो."

"तो मी करणार नाही."

एवढ्या सरळ शब्दांत नकार त्या इमारतीत कुणी दिला नव्हता. संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि जिना चढून गेले. घोसाचं काम बाहेरच्या एका कारागिराकडे गेलं. बाईंची बदली पक्षी विभागात झाली. पेंढा भरलेल्या जुन्या पक्ष्यांच्या चोची झिजल्या, तडकल्या होत्या, त्या दुरुस्त करायच्या. बाईंनी चोचीही अशा केल्या की पक्षी विभागातल्या लोकांनी गरुडाच्या काचपेटीपुढे उभं राहून वाहवा केली. पण बदली म्हणजे शिक्षा होती, आणि ती शिक्षा आहे हे सगळ्यांना कळेल अशीच दिली होती.

उद्घाटन झालं. लाल निळा घोस छतापासून लटकला, आतून उजळला, फोटो निघाले. त्याच सकाळी कवळीबाईंनी फ्यूजला हाताशी धरून कार्यशाळेतलं लांब टेबल बाहेर ओढलं आणि उपाहारगृहाकडे जाणाऱ्या बोळात भिंतीशी लावलं. त्यावर तिन्ही प्रतिकृती मांडल्या. मागे भिंतीला एक पाटी टांगली. अक्षर त्यांच्याच हातचं, ब्रशने काढलेलं :

"अणूच्या केंद्रकाबद्दल माणसाचे तीन अंदाज. तिन्ही कामाचे आहेत. केंद्रक यांपैकी कुठलंही नाही. हात लावून पाहा."

चहा प्यायला जाणारी माणसं बोळात थबकू लागली. दालनात कशाला हात लावायची मुभा नव्हती, इथे हात लावा असं लिहिलेलं. थेंब ओढून तोडायला रांग लागली. एक जाडजूड गृहस्थ खड्ड्यात एकाग्र होऊन गोट्या भरत राहिले. त्यांची बायको तीनदा हाक मारून गेली, तरी ते पन्नासावर पोचल्याशिवाय उठले नाहीत. "आता घट्ट बसलं," ते कुणालाच उद्देशून म्हणाले नाहीत, पण मोठ्याने म्हणाले.

आठवड्याने बाईंच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. परवानगीशिवाय वस्तू मांडल्या, आणि संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधक मजकूर लावला, असे दोन ठपके. फ्यूज म्हणाला, "बाई, माफीचे दोन शब्द लिहा आणि सुटा."

"लिहायला माझी चूक काय?"

"चूक नसतानाच माफी मागायची असते. चूक असली तर माणूस गप्प बसतो."

बाई हसल्या, पण लिहिलं ते दुसरंच. "वस्तू मांडल्या हे खरं. मजकूर खरा असल्यामुळे बाधक नाही." खाली सही.

सुनावणी संचालकांच्या खोलीत झाली. तिघांची समिती. संचालक, प्रशासनाचे एक वयस्कर अधिकारी, आणि विषयाचे जाणकार म्हणून विद्यापीठातली तीच प्राध्यापिका. तिला तिथे पाहून बाईंना बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की बरं वाटण्यासारखं अजून काही झालेलं नाही. त्यांनी पिशवीतून तीन वस्तू काढून टेबलावर ओळीने ठेवल्या. जबड्याचा प्लास्टरचा साचा, दातांचा ठसा उमटलेली मेणाची पट्टी, आणि एक क्ष-किरण फोटो.

"हे काय?" वयस्कर अधिकारी पुढे वाकले.

"माझ्या आईचं तोंड. साच्यावरून आकार कळतो. ह्या पट्टीवरून जबडे कसे मिटतात ते कळतं. आणि फोटोत हाड किती उरलंय ते दिसतं. कवळी करायला तिन्ही लागतात. यातलं आईचं खरं तोंड कुठलं, असं आजवर मला एकाही डॉक्टरने विचारलेलं नाही. आईचं तोंड घरी आहे, आणि ते ह्या वेळी बहुतेक मला शिव्या देतंय."

अधिकारी हसले. संचालकही किंचित हसले, आणि त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर जे होतं त्याची बाईंना अपेक्षा नव्हती.

"आम्ही पाहुण्यांचे अभिप्राय वाचले," संचालक म्हणाले. "लोकांना तुमच्या वस्तू आवडल्यात, हे मी मान्य करतो. त्या मुख्य दालनात आणायला माझी तयारी आहे. घोसाच्या खाली, काचेच्या मंचावर. बाजूला तुमचं नाव. नोटीस मागे घेऊ, आणि तुम्ही कार्यशाळेत परत या. फक्त पाटी बदलायची. 'केंद्रकाची तीन रूपं' असं लिहू. अंदाज हा शब्द नको, आणि ते शेवटचं 'यांपैकी कुठलंही नाही', तेही नको."

 एकोणीस वर्षांत संग्रहालयातल्या एकाही वस्तूखाली तिच्या कारागिराचं नाव लागलेलं नव्हतं. माशाचं हृदय, कान, ज्वालामुखी, सगळं बिननावाचं. आणि पक्ष्यांच्या खोलीतल्या भुशाने त्यांना दमा लागायची वेळ आली होती. हो म्हणायला फक्त ओठ उघडायचे होते.

"मॅडम," त्यांनी प्राध्यापिकेकडे पाहिलं, "तुमचं काय मत?"

प्राध्यापिकेने पेन फिरवलं. "ताई, आम्ही त्याला प्रतिमान म्हणतो. रूप म्हटलं तरी... लोकांना तेवढा फरक कुठे कळतो? वस्तू दालनात येताहेत, हे महत्त्वाचं. असू द्या ना."

"असू द्या?" कवळीबाईंचा चेहरा लाल झाला. "तुमच्या तोंडून हे ऐकायला मी बस बदलून तुमच्या दारात आले होते का? त्या दिवशी मी विचारलं, खरं कुठलं. तुम्ही काय म्हणालात? तुमचेच शब्द सांगा ह्यांना."



"मी म्हणाले, हे आमचे अंदाज आहेत," प्राध्यापिका हळू म्हणाली.

"अंदाज म्हटलं की लोकांना वाटतं ठोकताळे," संचालक म्हणाले. "विज्ञानाच्या घरात ठोकताळे कसे चालतील?"

"ठोकून ठोकून जमवलेले ताळेच आहेत ते, साहेब! त्यात लाज कसली? रूप म्हणजे जे आहे ते. अंदाज म्हणजे जे आपण धरलं ते. तुम्ही रूप लिहिलंत की जी बाई पोराला घेऊन बोळात उभी राहते, ती घरी जाऊन सांगणार की केंद्रक गुलाबी असतं. मी अंदाज लिहिलं की ती विचारते, कुणाचा अंदाज? कशावरून? मला ते विचारणं हवंय. माझं नाव नको. नाव नसताना मी एकोणीस वर्षं जगले."

वयस्कर अधिकाऱ्यांनी प्राध्यापिकेकडे वळून विचारलं, "बाई म्हणतात तो शब्द शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे का? हो की नाही, एवढंच सांगा."

 प्राध्यापिकेने पेन टेबलावर ठेवलं. "नाही. चूक नाही. मघाशी मी बोलले ते चूक होतं."

निकाल चार दिवसांनी लेखी आला. तो विजय नव्हता. बाईंच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदली गेली. प्रतिकृती मुख्य दालनात येणार नाहीत. बोळ हा दालनाचा भाग नसून देखभाल विभागाच्या अखत्यारीत असल्यामुळे टेबल तिथे राहायला समितीची हरकत नाही. हे कलम त्या वयस्कर अधिकाऱ्यांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं. बदली कायम. आणि शेवटची ओळ : पाटी सोमवारपर्यंत उतरवावी.

शनिवारी भर दुपारी, उपाहारगृहात गर्दी असताना, कवळीबाई बोळात आल्या. हातात पाटी नवीन होती, जाड अ‍ॅक्रिलिकची, मजकूर तोच, आता ब्रशने नाही तर कोरलेला. फ्यूजने भिंतीत आठ भोकं पाडली. बाईंनी एका वाटीत पूड आणि द्रव कालवलं, गरम न करता आपोआप घट्ट होणारं ते मिश्रण, तुटलेल्या कवळ्या जोडायचं. आठही भोकांत ते भरलं, पाटीच्या मागचे खुंट त्यात रुतवले आणि तळहाताने पाटी दाबून धरली. लोक चहाचे पेले हातात घेऊन बघत उभे राहिले.

"किती वेळ धरायची?" फ्यूजने विचारलं.

"सात मिनिटं. मग सोडायची."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी ज्याला उतरवायची त्याने उतरवावी. आधी भिंत उतरवावी लागेल, एवढं त्याला सांग."

सोमवारी दोन माणसं पटाशी घेऊन आली. त्यांनी एक कोपरा तोडला. तेवढ्यात भिंतीचा गिलावा पोपडा धरून खाली आला, आत पाण्याचा नळ दिसला, आणि देखभाल विभागाने काम थांबवलं. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. संचालक उपाहारगृहात जाताना त्या बोळातून जात, पण भिंतीकडे बघत नसत. एकदा मात्र, बोळात कुणी नाही असं समजून, त्यांनी थेंब उचलला, ओढला, तुटल्याचा आवाज झाल्यावर दचकले आणि पटकन जोडून ठेवून गेले. हे फ्यूजने शिडीवरून पाहिलं. बाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग? जोडला ना नीट? पुष्कळ झालं."

प्राध्यापिका दरवर्षी आपले विद्यार्थी घेऊन त्या बोळात येते. मुख्य दालनातल्या घोसाखालून ती त्यांना न थांबता पुढे नेते. पहिल्या वर्षी ती पक्षी विभागात बाईंना भेटायला गेली होती. बाई घुबडाची चोच घासत होत्या. त्यांनी तिला स्टूल दिलं, पण चहा विचारला नाही. दुसऱ्या वर्षी विचारला.

बाईंना निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. घोस छताला आहेच, आतला एक दिवा गेलेला. बोळातलं टेबलही आहे. खड्ड्यातल्या गोट्या हरवतात, लोक बटणं आणि बिया घालून घरं भरतात, चालतं. गुलाबी केंद्रकाची खुंटी झिजली, ती फ्यूजने बदलली. थेंब मात्र सतत ओढून ओढून तीन चार महिन्यांत कंबरेशी फाटतो, आणि ते मिश्रण नेमकं किती मऊ ठेवायचं हे बाईंनी कुणाला शिकवलेलं नाही. एकदा शिकवायला बसल्या होत्या. शिकणारा म्हणाला, "अंदाजे किती घालू?" तर त्यांनी त्याच्या हातातून वाटी काढून घेतली आणि म्हणाल्या, "आधी मोजायला शिक. अंदाज नंतर."

म्हणून थेंब फाटला की फ्यूजचा फोन येतो, आणि बाई पिशवी घेऊन निघतात. दारावर आता नवा पहारेकरी आहे. तो प्रत्येकाला पास विचारतो आणि त्यांनाही विचारतो. बाई थांबत नाहीत. पिशवी छातीशी धरून सरळ चालत जातात.

"बाजूला हो बाबा," त्या म्हणतात. "माझा थेंब फाटलाय."